सैनिकाच्या पाठीवरचे ओझे : काडतुसांच्या हिशेबामागचा इतिहास

सैनिकाने सोबत किती काडतुसे आणि किती सामान न्यायचे, या प्रश्नाला एक अडचण पहिल्यापासून चिकटलेली आहे: जवळ दारूगोळा कमी पडला तर जीव जातो, आणि ओझे जास्त झाले तरी जीव जातो, पण यांतली पहिली भीती डोळ्यांसमोर उभी राहते आणि दुसरी पाय थकल्यावरच कळते. माझ्या मते या विषयाचा सारा इतिहास या विषमतेतून घडला आहे.

रोमन सेनापती मारियसने सामान गाड्यांवरून काढून सैनिकांच्या खांद्यावर दिले, म्हणून त्यांना ‘मारियसची खेचरे’ म्हणत. पुढे युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या रोमन लेखक वेजेशियसने नवशिक्यांना ६० रोमन पौंड, म्हणजे सुमारे २० किलो, घेऊन चालण्याचा सराव द्यावा असे लिहिले.

या प्रश्नाची शास्त्रीय तपासणी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. बर्लिनमध्ये झुंट्झ आणि शुम्बुर्ग या संशोधकांनी लष्करी वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वजने देऊन चालवले, तेव्हा थंड हवेत सुमारे २२ किलो वजन शरीराला झेपते, पण ३१ किलोच्या आसपास थंडीतही त्रास सुरू होतो, असे त्यांना आढळले. हे निष्कर्ष उपलब्ध असतानाही १ जुलै १९१६ रोजी, पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्समधील सोमच्या लढाईत, ब्रिटिश पायदळाचा सैनिक २२० काडतुसे, हातबाँब, वाळूच्या रिकाम्या पिशव्या आणि शिधा असे जवळपास ३० किलो घेऊन निघाला. इतक्या ओझ्याने खंदकातून बाहेर पडणेच अवघड होते आणि संथ चालीपेक्षा वेगाने पुढे सरकणे अशक्य होते, हे पुढे ब्रिटिशांच्या अधिकृत इतिहासानेच नोंदवले. ती नोंद वाचताना आजही मन विषण्ण होते. त्यानंतर, १९२० च्या दशकात, ब्रिटिश तज्ज्ञांनी शरीराच्या वजनाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भार देऊ नये अशी मर्यादा सुचवली.

पुढे तंत्रज्ञानाने काडतूसच हलके केले. ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाचे वजन सुमारे २४ ग्रॅम, तर ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसाचे सुमारे १२ ग्रॅम. म्हणजे ओझे निम्मे व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या नेता येतात, असा हिशेब मांडला गेला, आणि ३० गोळ्यांची ७ मॅगझिने (बंदुकीला लावायच्या गोळ्यांच्या पेट्या), म्हणजे २१० काडतुसे, हा अमेरिकी पायदळाचा नेहमीचा साठा ठरला.

वाहतूक हाताशी असेल, या गृहीतावर बांधलेला हिशेबही कोसळतो. २५ मे १९८२ रोजी ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या फॉकलंड युद्धात ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या ब्रिटिश जहाजावर हल्ला होऊन त्यावरची बहुतेक हेलिकॉप्टर नष्ट झाली, आणि ब्रिटिश मरीन व पॅराट्रूपर जड पाठपिशव्या घेऊन दलदलीतून बेट ओलांडत पायी निघाले.

अमेरिकी नियमपुस्तिकेने लढाईतला भार सुमारे २२ किलोपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले होते. २००३ मध्ये अफगाणिस्तानात प्रत्यक्ष वजने घेतली, तेव्हा चिलखत, पाणी आणि दारूगोळा धरून साध्या रायफलधारी सैनिकाचा लढाऊ भारच सरासरी २९ किलोच्या आसपास निघाला, आणि त्यात पाठपिशवी मोजलेली नव्हती.