पॅलेस्टाईन: दोन वचनं आणि १९३१ चं एक पत्र

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी एकाच भूमीबद्दल दोन समाजांना दोन वचनं दिली, हे बहुतेकांना ठाऊक असतं. १९१५-१६ मध्ये अरबांना स्वातंत्र्याचं आश्वासन देत कैरोहून मक्केच्या शरीफाला (तिथल्या अरब सत्ताधीशाला) गेलेली पत्रं आणि ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये ‘राष्ट्रीय घर’ देऊ करणारं २ नोव्हेंबर १९१७ चं परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचं पत्र, म्हणजेच बाल्फोर घोषणा, यांतल्या शब्दांचा कीस भरपूर पाडून झाला आहे. भारतीय वाचकाला एक गोष्ट सांगायला हवी: १९१७ च्या घोषणेला ब्रिटिश सरकारातून कडवा विरोध झाला तो एका ज्यू मंत्र्याचा, आणि तो त्या वेळी भारतमंत्री होता. या घोषणेत अरबांचं नावही नाही. आहेत ते फक्त ‘ज्यू-इतर समाज’. १९२२ च्या जनगणनेत हेच ‘ज्यू-इतर’ साडेसात लाखांपैकी जवळजवळ नऊ-दशांश होते.

पण माझ्या मते खरी गाठ बसली ती १९३०-३१ च्या हिवाळ्यात. लोक १९१७ वरून थेट १९४८ वर उडी मारतात आणि हे चार महिने निसटतात.

पॅलेस्टाईनचा कारभार ब्रिटिशांकडे असताना, ऑगस्ट १९२९ मध्ये, जेरुसलेममधल्या ज्यू आणि मुस्लिम दोघांनाही पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीच्या वादातून दंगली पेटल्या. हेब्रॉन आणि साफेदमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या ज्यू कुटुंबांची कत्तल झाली. एकूण १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले. अरबांपैकी बहुतेक पोलीस आणि लष्कराच्या गोळीबारात. चौकशी आयोगाने हल्ल्यांचा दोष अरबांवर ठेवला, पण मुळाशी जमीन आणि स्थलांतराची धास्ती आहे, असंही म्हटलं. मग जमिनीचा प्रश्न तपासायला भारतात सनदी सेवा केलेला एक निवृत्त अधिकारी धाडला गेला. त्याच्या अहवालानुसार २९.४ टक्के ग्रामीण अरब कुटुंबांकडे जमीनच नव्हती. बैरूतच्या जमीनदारांनी उत्तर पॅलेस्टाईनमधल्या मर्ज इब्न आमिर खोऱ्यातली गावं विकली तेव्हा कसणारी कुळं बेदखल झाली होती. शिवाय ज्यू वसाहतींसाठी जमिनी खरेदी करणाऱ्या ज्यू राष्ट्रीय निधीने घेतलेली जमीन पुन्हा विकता येत नसे आणि तिच्यावर अरब मजूर लावायलाही मनाई होती. एकदा गेलेली जमीन कूळ किंवा मजूर म्हणूनसुद्धा परत मिळणार नव्हती. कूळकायद्याची लढाई पाहिलेल्या महाराष्ट्रात याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

याच आधारावर ऑक्टोबर १९३० मध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली. दोन्ही समाजांप्रती जबाबदारी सारख्याच वजनाची आहे, आणि अरब बेकार असतील तर ज्यू मजुरांचं स्थलांतर आवरावं लागेल, असा तिचा रोख होता. पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्रीय घर उभारू पाहणाऱ्या झायोनिस्ट संघटनेच्या अध्यक्षांनी निषेध म्हणून राजीनामा दिला. विरोधी पक्षाचे पुढारी वर्तमानपत्रांतून तुटून पडले. मजूर पक्षाचं सरकार अल्पमतात होतं. डिसेंबरमध्ये ज्यू मतदारांची मोठी वस्ती असलेल्या पूर्व लंडनमध्ये पोटनिवडणूक आली. जागा राखली, पण मताधिक्य कोसळलं. १३ फेब्रुवारी १९३१ ला पंतप्रधानांनी त्याच झायोनिस्ट नेत्याला लिहिलेलं पत्र संसदेपुढे ठेवलं. श्वेतपत्रिका मागे घेतलेली नव्हती. तिचा ‘अधिकृत अर्थ’ तेवढा सांगितला होता, आणि त्या अर्थात तिचा गाभाच उरला नाही. हाच अर्थ सूचना म्हणून पॅलेस्टाईनचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश उच्चायुक्ताकडे गेला.

अरबांनी त्याला ‘काळं पत्र’ म्हटलं. आयोग, पाहणी, अहवाल, श्वेतपत्रिका अशा सगळ्या सरकारी पायऱ्या चढून आलेला निर्णय लंडनमधल्या दबावापुढे चार महिन्यांत वाकतो, हे त्यांनी पाहिलं. सनदशीर मार्गाची भाषा करणाऱ्या अरब पुढाऱ्यांची पत त्यानंतर घसरत गेली, आणि त्याचा दोष मी ब्रिटिश सरकारला देतो, झायोनिस्टांना नाही. आपल्या माणसांसाठी दार उघडं ठेवायला ते झगडत होते, आणि दोनच वर्षांत जर्मनीत जे सुरू झालं त्याने ती निकड किती खरी होती हे दाखवलं. अमेरिकेने १९२४ पासून प्रवेश आवळलेला होता, जायचं कुठे? १९३१ मध्ये चार हजारांच्या आसपास असलेलं ज्यू स्थलांतर १९३५ मध्ये साठ हजारांवर गेलं.

एप्रिल १९३६ मध्ये अरबांचा सार्वत्रिक संप झाला, मग उठाव. १९३७ च्या आयोगाने दोन्ही वचनं एकत्र पाळता येणार नाहीत असं कबूल करून फाळणी सुचवली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या आयोगाने ती अव्यवहार्य ठरवली. मे १९३९ च्या श्वेतपत्रिकेने काटा उलटा फिरवला: पाच वर्षांत ७५ हजार ज्यू, त्यापुढे अरबांच्या संमतीनेच, आणि दहा वर्षांत स्वतंत्र राज्य. युरोपातल्या ज्यूंना आसऱ्याची सर्वाधिक गरज असताना दार लोटलं गेलं. अरब नेतृत्वानेही ही श्वेतपत्रिका नाकारली. १९३१ नंतर लंडनच्या कागदावर त्यांनी विसंबावं तरी कसं?

फेब्रुवारी १९४७ मध्ये ब्रिटनने प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवला. चौकशी समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने एकाच संघराज्याचा पर्याय मांडला, तो मागे पडला. २९ नोव्हेंबरला फाळणीचा ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी संमत झाला. भारताने विरोधात मत दिलं, ब्रिटन तटस्थ राहिला.