कुदळ राहिली, हिशेबाची वही गेली : टांझानियाच्या ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ धोरणाची पार्श्वभूमी

आफ्रिकी शिक्षणविचार म्हटले की ‘उबुंटू’चे, म्हणजे माणूस इतरांमुळेच माणूस होतो या विचाराचे नाव आधी निघते. पण विचार वर्गात उतरवताना नेमके कुठे अडते, हे पाहायचे तर टांझानिया गाठावा. ज्युलियस न्येरेरे मुळात शाळामास्तर. राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही लोक त्यांना ‘म्वालिमु’, म्हणजे गुरुजीच म्हणत. फेब्रुवारी 1967 मध्ये समाजवाद आणि स्वावलंबनाचा आरुशा जाहीरनामा आला आणि मार्चमध्ये ‘स्वावलंबनासाठी शिक्षण’ हे धोरण.

त्याच्या मुळाशी एक आकडा होता. प्राथमिक शाळा संपवणाऱ्यांपैकी सुमारे 13 टक्क्यांनाच माध्यमिक शाळेत जागा होती आणि शिकवणे चालले होते त्यांच्यासाठीच. उरलेली मुले नापासाचा शिक्का घेऊन गावी परतत. म्हणून प्राथमिक शिक्षण आपल्यापुरते पूर्ण हवे आणि प्रवेशाचे वय वाढवावे, म्हणजे सात वर्षांनी बाहेर पडणारे मूल कामाजोगे असेल, असे न्येरेरेंनी मांडले. वसाहतीपूर्वी आफ्रिकेत शाळा नव्हत्या, पण मुले मोठ्यांसोबत काम करत शिकतच होती, हा त्यांचा आधार.

प्रत्येक शाळेला शेत जोडायचे होते. यंत्रांनी सजलेले नव्हे, गावाला परवडेल असे. खताचे गुणधर्म विज्ञानाच्या तासाला कळावेत, त्याच्या मर्यादा शेतात. हिशेब चोख ठेवायचा, आलेल्या पैशाचे काय करायचे यात मुलांचाही शब्द असायचा. माझ्या मते धोरणाचा जीव या शेवटच्या कलमात होता.

मराठी वाचकाला इथे 1937 ची वर्ध्याची नई तालीम, म्हणजे गांधीजींची हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना आठवेल. फरक मोठा आहे. तिथे टकळीतूनच गणित शिकवायचे होते. टांझानियात शेत बहुधा वर्गाशेजारी उभे राहिले, वर्गात शिरले नाही. अनेक शाळांत मुलांच्या हाती कुदळ आली, हिशेबाची वही आणि निर्णय शिक्षकांकडे राहिले. शेतकाम शिक्षा म्हणूनही देऊ लागले. मग त्याची गोडी कशी लागणार?

सत्ताधारी पक्षाच्या नोव्हेंबर 1974 च्या मुसोमा ठरावाने दोन पावले पुढे टाकली : विद्यापीठाआधी कामाचा अनुभव, आणि 1977 पर्यंत सर्वांना प्राथमिक शिक्षण. पट भराभर वाढला, शिक्षक पुरेनात. सातवी उत्तीर्ण तरुणांना शिकवता शिकवताच प्रशिक्षण देऊन वर्गावर उभे केले गेले. माध्यमिकचे माध्यम इंग्रजीच राहिले, प्राथमिकचे स्वाहिली. सातवीची निवड परीक्षाही लेखीच राहिली, त्यामुळे शेतात गेलेला तास पालकांना वाया गेलेला वाटे.