थुंकणारे नाग आणि आपला दहाच्या आकड्याचा नाग

निपाणी-चिकोडीकडं उसाच्या फडात नाग निघाला की तोडणी थांबते आणि कुणीतरी हमखास ओरडतं, "मामा, मागं सरा, थुंकतंय ते!" प्रत्यक्षात नागानं फणा काढून नुसता फुत्कार टाकलेला असतो. त्यात फुप्फुसातली हवा असते, विष नसतं. बेळगाव, खानापूर, अथणी या पट्ट्यातला फण्यावर १० चा आकडा असलेला नाग थुंकणाऱ्यांपैकी नाही.

खरे थुंकणारे नाग आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात आहेत. मोझांबिकचा, काळ्या मानेचा, तांबडा. इकडं थायलंड, जावा, फिलिपिन्सचे. शिवाय दक्षिण आफ्रिकेतला रिंखाल्स. तो नागांचा चुलतभाऊ. अंडी न घालता थेट पिल्लं देतो आणि फारच कोंडी झाली तर मेल्याचं सोंग घेतो.

फरक विषदंताच्या छिद्रात आहे. आपल्या नागाचं छिद्र लांबट आणि खाली उघडणारं, म्हणजे विष मांसात उतरवायला सोयीचं. थुंकणाऱ्याचं छिद्र बारीक, गोलसर आणि पुढं तोंड केलेलं, तंबाखूवर फवारणी करायच्या पंपाच्या नोझलसारखं. विषदंतावर एक मऊ आवरण असतं. टाळूची हाडं हलवून साप ते वर सरकवतो, त्याच क्षणी ग्रंथीवरचा स्नायू आवळला जातो आणि विषाची धार दोन मीटरच्या पलीकडंही जाते. धार सुटताना साप डोकं झरझर हलवतो, त्यामुळं विष समोरच्याच्या चेहऱ्यावर पसरतं आणि एखादा तरी डोळा सापडतोच.

नेमही अंदाजपंचे नसतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधकानं चेहऱ्यावर पारदर्शक ढाल बांधून सापांना डिवचलं. माणसाचं डोकं झटक्यानं हललं की साधारण पाव सेकंदाच्या आत साप थुंकतो, आणि तेही चेहरा पुढच्या क्षणी जिथं असेल त्या जागेवर!

हे विष भक्ष्य मारायला नसतं. शत्रूला कळ यावी म्हणून असतं. नागांच्या विषात पेशींचं आवरण फोडणारी प्रथिनं असतात. थुंकणाऱ्यांनी त्यांच्या जोडीला फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर (एन्झाइम) वाढवलं. दोन्ही मिळून वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंना जास्त जोरात चेतवतात. २०२१ मध्ये मांडलेल्या या अभ्यासातली मला सर्वांत भारी वाटलेली गोष्ट अशी, की आफ्रिकी नाग, आशियाई नाग आणि रिंखाल्स या तिघांनी हा मार्ग स्वतंत्रपणे गाठला. दगड-काठी घेऊन उभं राहणाऱ्या आपल्या पूर्वजांमुळं हे शस्त्र घडलं असावं, असंही काही संशोधक म्हणतात. कल्पना आकर्षक आहे, पण पुरावा अजून तोकडा.

आपल्या नागाच्या विषातही ही दोन्ही द्रव्यं आहेत. जोर मात्र स्नायूंपर्यंत येणारा मज्जातंतूंचा निरोप अडवणाऱ्या विषावर. म्हणून पान लागलेल्या माणसाच्या पापण्या आधी जड होतात, मग गिळायला आणि श्वास घ्यायला त्रास होतो. अशा वेळी मांत्रिकाचं दार न धरता थेट प्रतिविष असलेला दवाखाना गाठावा. वाटेत जखम कापू नये, आवळून बांधू नये.

आपला नाग थुंकत नसला तरी चवताळून काठीवर तोंड मारताना त्याच्या विषाचे थेंब उडू शकतात. मोबाइल पुढं करून वाकणाऱ्या हौशी मंडळींनी आणि साप धरणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. धरणाऱ्याला साधा चष्माही उपयोगी पडतो. डोळ्यात विष गेलंच तर चोळायचं नाही. पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याच्या मंद धारेनं डोळा बराच वेळ धुवायचा, मोटारीच्या जोरदार पाइपानं नव्हे. त्यानंतर लगेच डोळ्याचा डॉक्टर, कारण बुबुळाला जखम झाली असेल तर ती नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.