ई-मेलमधील पत्ताशोध: डिरेक्टरी आणि ॲड्रेस बुक यांची दुफळी

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, तेव्हा मंत्रालयातील विभाग आणि विदर्भातील जिल्हा कार्यालये यांच्यात उत्तरे, खुलासे आणि तक्ते यांची ई-मेलवरून घाईची देवाणघेवाण सुरू होते. अशा वेळी कर्मचारी पत्त्याच्या रकान्यात अधिकाऱ्याचे नाव लिहू लागला, की ते दोन ठिकाणी असू शकते: संस्थेच्या सर्व्हरवरील डिरेक्टरीत (सर्वांसाठीच्या सामायिक नाव-पत्त्यांच्या यादीत) किंवा त्याच्या स्वतःच्या ॲड्रेस बुकमध्ये. बदली झालेल्या अधिकाऱ्याचा पत्ता पहिल्या ठिकाणी नवा आणि दुसऱ्या ठिकाणी जुना असतो. हे दोन शोध वेगळे का राहिले, याचे उत्तर वापरणाऱ्यांच्या गरजेत नसून नोंदी कोणी ठेवल्या याच्या इतिहासात आहे.

खासगी बाजूची सुरुवात साधी होती. युनिक्स या संगणक-प्रणालीवरील मेल प्रोग्राममध्ये प्रत्येकाची एक फाइल असे आणि तीत लांब पत्त्यांसाठी छोटी टोपणनावे लिहून ठेवता येत. संस्थेच्या बाजूने १९७७ साली ‘फिंगर’ आणि १९८२ साली ‘हूइज’ यांचे नियम लिहिले गेले. त्यांतून दुसऱ्या संगणकावरील व्यक्तीची माहिती विचारता येऊ लागली. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी ‘पीएच’ या विद्यापीठीय डिरेक्टरीवरही काम केले आणि १९८८ साली ‘युडोरा’ हा मेल प्रोग्रामही लिहिला. तरीही युडोरात टोपणनावांची खिडकी वेगळी आणि पीएचची वेगळी राहिली. दोन्ही कामांत हात असलेल्या माणसाच्या प्रोग्राममध्येही ही फूट टिकून राहिली, यावरून ती किती स्वाभाविक मानली जात होती हे दिसते.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संस्थांनी ‘एक्स.५००’ हे मानक मंजूर केले. देश, संस्था, विभाग, व्यक्ती अशा उतरंडीची जागतिक डिरेक्टरी त्यात कल्पिली होती. परंतु तिच्याशी बोलण्यासाठी ओएसआय या संगणक-जोडणीच्या पद्धतीचे सगळे जड थर लागत आणि त्या काळच्या टेबलावरील संगणकांना ते झेपत नसत. मिशिगन विद्यापीठातील टिम हाउज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर हलका मार्ग काढला. तोच एलडॅप, म्हणजे डिरेक्टरीला प्रश्न विचारण्याची सोपी नियमावली; त्याचा पहिला मसुदा जुलै १९९३ मध्ये आला आणि डिसेंबर १९९७ मध्ये तिसरी आवृत्ती. मेल प्रोग्रामला संस्थेची डिरेक्टरी थेट विचारणे त्यामुळे व्यवहार्य झाले.

एकत्रीकरणाचे पहिले प्रयत्न मात्र अर्धवट होते. आउटलुक एक्स्प्रेससोबत येणाऱ्या विंडोजच्या ॲड्रेस बुकमध्ये व्यक्ती शोधण्याची चौकट एकच होती, पण कुठे शोधायचे हे आधी यादीतून निवडावे लागे: स्वतःचे ॲड्रेस बुक, की एखादी सार्वजनिक डिरेक्टरी. नोंद कुठे आहे हे ठाऊक नसते म्हणूनच माणूस शोधतो. तेच त्याला आधी विचारणे हा मला या रचनेतला मूळ दोष वाटतो. ‘मट’ या मेल प्रोग्रामने पत्ता शोधण्यासाठी दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला विचारण्याची सोय दिली आणि ‘लिटल ब्रदर्स डेटाबेस’ या साधनाने एलडॅप, फिंगर आणि आलेल्या पत्रांतील पत्ते अशी अनेक ठिकाणे एका प्रश्नात तपासून दाखवली. ॲड्रेस बुकच सर्व्हरवर न्यावे हा ‘एकॅप’ या नियमावलीचा १९९७ मधील विचार फारसा रुजला नाही, ते काम २०११ मधील ‘कार्डडॅव्ह’ या नियमावलीने पुढे नेले.

पूर्ण एकत्रीकरण अवघड होण्याचे कारण वेगात आणि मर्यादांत आहे. स्वतःच्या फाइलमधील उत्तर क्षणात मिळते, तर सर्व्हरवरील उत्तरे एकेक करून येतात. सर्व्हर ठरावीक संख्येनंतर शोध थांबवतो, आणि नावाच्या मधल्या अक्षरांवरून केलेला शोध योग्य अनुक्रमणिका नसेल तर त्याला फार महाग पडतो. म्हणून दोन्ही उत्तरे एका यादीत आणताना आधी दिसलेले नाव हेच बरोबर, असा समज होऊ न देणे आवश्यक ठरते. एकाच व्यक्तीच्या दोन नोंदी जुळवताना नव्या पत्त्याने जुना गुपचूप पुसावा का, हा प्रश्न तर तंत्राइतकाच जबाबदारीचाही आहे. माझ्या मते प्रत्येक नोंदीपुढे तिचे ठिकाण दिसले पाहिजे आणि निवड माणसाकडे राहिली पाहिजे.

मराठी नावांच्या बाबतीत अडचण आणखी वाढते. चौधरी किंवा वानखेडे ही विदर्भातील नेहमीची आडनावे रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिली जातात, त्यामुळे डिरेक्टरीतील स्पेलिंग आणि ॲड्रेस बुकमधील स्पेलिंग जुळेलच असे नाही. एलडॅपमध्ये ‘साधारण जुळणारे’ नाव मागण्याची सोय आहे, पण त्यामागे वापरल्या जाणाऱ्या उच्चाराच्या पद्धती बहुधा इंग्रजीसाठी बनलेल्या आहेत. एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत यूटीएफ-८ ही सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची पद्धत आल्यामुळे देवनागरी नोंद शक्य झाली, १९९९ मध्ये एकाच नावापुढे भाषेची खूण जोडण्याचा नियम आला, आणि ॲड्रेस बुकमधील नोंदीचा साचा असलेल्या व्हीकार्डच्या २०११ मधील ४.० आवृत्तीतही एकच नाव दोन भाषांत ठेवण्याची तरतूद आहे. म्हणजे डिरेक्टरी आणि ॲड्रेस बुक या दोन्ही बाजूंना देवनागरी नावासाठी जागा आहे. डिरेक्टरीत देवनागरी नाव भरणे हे कार्यालयाचे काम, आणि एका शोधात दोन्ही लिप्या तपासणे हे मेल प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे.