विमा पॉलिसीचे सरेंडर

आयुर्विमा पॉलिसीची मुदत पुरी होण्याआधी विमेदाराने स्वतःहून करार संपवणे आणि त्यापोटी विमा कंपनीकडून नियमाने ठरलेली रक्कम घेणे, याला सरेंडर म्हणतात. बोलण्यात मात्र ‘पॉलिसी मोडणे’ हेच रूढ आहे. या रकमेस सरेंडर मूल्य असे नाव आहे. बँकेतील मुदत ठेव मोडली तर व्याज कमी होते, पण मुद्दल सहसा शाबूत राहते. पॉलिसीचे तसे नाही. हप्त्याचा काही भाग सरलेल्या काळातील विमासंरक्षणाची किंमत असतो, आणि एजंटाचे कमिशन, वैद्यकीय तपासणी, मुद्रांक शुल्क हे खर्च प्रामुख्याने पहिल्याच वर्षी होऊन गेलेले असतात. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत पॉलिसी सोडणाऱ्याचे नुकसान सर्वांत मोठे असते.

मोडणाऱ्याला काही तरी परत मिळावे, हा हक्क विम्याइतका जुना नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हप्ता थकला की पॉलिसी बुडे आणि भरलेले सर्व पैसे कंपनीकडे राहत. एलिझर राइट या अमेरिकी गणितज्ञाने १८४४ मध्ये लंडनच्या रॉयल एक्स्चेंजमध्ये, हप्ते भरणे न परवडणाऱ्या वृद्धांच्या पॉलिसींचा लिलाव पाहिला. घेणारा पुढचे हप्ते भरी व त्या वृद्धाच्या मृत्यूनंतर विम्याची रक्कम उचली, त्यामुळे वृद्ध जितका लवकर मरेल तितका सौदा फायद्याचा ठरे. गुलामगिरीविरोधी चळवळीत वावरलेल्या राइट यांना हा प्रकार माणसांच्या बाजारासारखा वाटला. त्यांच्या प्रयत्नांतून मॅसॅच्युसेट्स राज्याने १८६१ मध्ये, हप्ता थकला तरी पॉलिसीतील शिलकीच्या बळावर संरक्षण काही काळ चालू ठेवणारा कायदा केला. रोख सरेंडर मूल्याचा हक्क तेथे १८८० मध्ये आला.

भारतात विमा कायदा, १९३८ च्या कलम ११३ ने या हक्काला आधार दिला. तीन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सरेंडर मूल्य लागू होत नाही, असा नियम दीर्घकाळ होता, आणि पुष्कळ जुन्या पॉलिसींत पहिल्या वर्षाचा हप्ता वगळून उरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के एवढीच हमी असे. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या (इर्डा) नियमांनी ही हमी पुढे वाढवली : भरलेल्या एकूण हप्त्यांच्या किमान ३० टक्के दुसऱ्या वर्षी, ३५ टक्के तिसऱ्या वर्षी, ५० टक्के चौथ्या ते सातव्या वर्षांत आणि ९० टक्के शेवटच्या दोन वर्षांत. वार्षिक १५,००० रुपये हप्त्याची पॉलिसी तीन हप्ते भरून तिसऱ्या वर्षी मोडली, तर जुन्या हिशेबाने ९,००० रुपयांची हमी होती. नव्या हिशेबाने ती १५,७५० रुपये होते. तरीही ४५,००० रुपयांतले जवळपास दोनतृतीयांश जातातच.

हमीच्या रकमेशेजारी विशेष सरेंडर मूल्य हा दुसरा आकडा असतो आणि दोहोंपैकी जो अधिक तो विमेदारास मिळतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असल्यास पहिले वर्ष संपल्यावर विशेष मूल्य द्यावे लागते. पुढे मिळू शकणाऱ्या लाभांची आजची किंमत काढून ते ठरवतात. त्याआधी पहिल्याच वर्षानंतर थांबणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच येत नसे, हे पाहता हा बदल आकड्यांत दिसतो त्याहून मोठा आहे.

सरेंडरच्या अर्जासोबत मूळ पॉलिसी बाँड, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील, सहसा रद्द केलेला धनादेश, द्यावा लागतो. बाँड हरवलेला असेल तर क्षतिपूर्ती पत्राची, म्हणजे पुढे कोणी दावा केल्यास कंपनीचे नुकसान भरून देण्याच्या लेखी हमीची, भानगड वाढते. पॉलिसी कर्जासाठी बँकेकडे गहाण असल्यास आधी तो बोजा उतरवावा लागतो, आणि पॉलिसीवर काढलेले कर्ज व त्याचे व्याज कंपनी रकमेतून कापून घेते.

शाखेत अर्ज देण्यापूर्वी पेड-अपचा पर्याय विचारून घेणे विमेदाराच्या हिताचे असते, पण तो आपणहून सांगितला जाईलच असे नाही. यात हप्ते थांबतात, पॉलिसी राहते, आणि विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात घटते. ३ लाख रुपयांच्या, २० वर्षे मुदतीच्या पॉलिसीचे ५ वार्षिक हप्ते भरले असतील, तर पेड-अप रक्कम ७५,००० रुपये होते. ती मुदतीअखेर, किंवा मृत्यू आधी झाल्यास वारसांना मिळते. गरज तात्पुरती असेल तर पॉलिसीवर कर्जही काढता येते.

सरेंडरहून वेगळी अशी एक सोय पॉलिसी घेताच उपलब्ध असते. कागदपत्रे हाती पडल्यापासून ३० दिवसांत, अटी पटल्या नाहीत म्हणून पॉलिसी परत करता येते. हा काळ ‘फ्री लुक’ म्हणून ओळखला जातो. मग तेवढ्या दिवसांची जोखीम, तपासणी खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून उरलेला हप्ता परत मिळतो. युलिपमध्ये, म्हणजे हप्त्याचा काही भाग बाजारात गुंतवणाऱ्या विम्यात, मात्र पाच वर्षांच्या आत पॉलिसी सोडली तरी रक्कम बंद पॉलिसींच्या निधीत अडकते आणि पाचवे वर्ष संपल्यावरच हाती येते. नियमित हप्त्याच्या निव्वळ मुदतीच्या विम्यात बचतीचा भागच नसल्याने त्याला सहसा सरेंडर मूल्य नसते.

वाहन, घर यांच्या विम्यात ही गणिते लागू पडत नाहीत. २०२४ च्या नियमांनुसार वैयक्तिक (रिटेल) ग्राहक अशी पॉलिसी कारण न सांगता रद्द करू शकतो, आणि दावा केलेला नसल्यास एक वर्षाच्या पॉलिसीत उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात हप्ता परत मिळतो. रस्त्यावर चालणाऱ्या वाहनाला तृतीय पक्ष विमा मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे सक्तीचा असल्याने दुसरी पॉलिसी दाखवल्याशिवाय तो रद्द होत नाही. परताव्याच्या रकमेवरून वाद झाल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. तिने ती फेटाळल्यास किंवा महिनाभर उत्तरच न दिल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई व पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत.