मोटारसायकलवरचा जीपीएस: उपग्रह सगळ्यांना सारखेच

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश खिशातल्या फोनला जसा मिळतो, तसाच मोटारसायकलसाठी खास बनवलेल्या महागड्या यंत्रालाही मिळतो. मोकळ्या आकाशाखाली दोघंही आपली जागा साधारण पाच मीटरच्या आतबाहेर सांगतात. त्यामुळे दुकानात गेल्या गेल्या ‘अचूकता किती?’ असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. दुचाकीवर या यंत्राची खरी गाठ पडते ती ऊन, पाऊस, थरथर आणि बॅटरीच्या वायरिंगशी. जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर ते या चौघांसाठी.

तरीही अचूकतेबद्दल थोडं समजून घेतलेलं बरं, कारण रस्त्यावरच्या निम्म्या तक्रारी तिथूनच येतात. उपग्रहापासून संदेश पोचायला किती वेळ लागला, हे रिसीव्हर मोजतो. एका नॅनोसेकंदात प्रकाश ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे घड्याळात थोडीशी चूक झाली तरी जागा मीटरांनी सरकते. रिसीव्हरचं स्वतःचं घड्याळ साधंच असतं. ती चूक काढून टाकण्यासाठी तीनऐवजी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. ताम्हिणी किंवा वरंध घाटात एका बाजूचं आकाश कड्याने झाकलेलं असतं आणि काही संदेश कातळावर आपटून, लांबच्या वाटेने येतात. रिसीव्हरला ते अंतर खरं वाटतं आणि नकाशावर गाडी दरीत उतरते. यावर उतारा म्हणजे दोन वारंवारतांवर चालणारा रिसीव्हर. एल-१ या जुन्या लहरीवरच्या संकेताचा एकेक तुकडा अंतरात मोजला तर सुमारे २९३ मीटर भरतो, एल-५ वरचा सुमारे २९ मीटर. तुकडा आखूड असला की थेट आलेला संदेश आणि आपटून आलेला संदेश वेगळे ओळखू येतात. २०१८ पासून असे रिसीव्हर फोनमध्ये येऊ लागले. विकत घेताना तपशिलात ‘एल-१ आणि एल-५’ असं लिहिलेलं पाहावं. ‘नाविक’ ही भारताची स्वतःची उपग्रह प्रणाली चालते अशी नुसती पाटी बघून खरेदी करू नये. आपल्या या प्रणालीचे उपग्रह भारतावर उंच दिसतात हे खरं, पण त्यातल्या काहींची अणुघड्याळं निकामी झाली आहेत आणि सारा भार तिच्यावर टाकता येत नाही.

पाच मीटरच्या चुकीत उड्डाणपूल आणि त्याखालचा सर्व्हिस रोड वेगळे ओळखता येत नाहीत, उंची तर जीपीएसला आणखीच कमी नेमकी कळते. पुलावर चढल्यावरही यंत्र ‘डावीकडे वळा’ म्हणत राहिलं तर ते बिघडलेलं नाही. तसंच उभ्या गाडीवर बाण उलटा दिसतो, कारण दिशा ही हालचालीतून काढलेली असते. थांबलेलं असताना फोन आपल्या चुंबकी होकायंत्रावर विसंबतो आणि चुंबकाचा होल्डर असेल तर ते हमखास चुकतं. वीस-तीस मीटर पुढे जा, बाण सरळ होतो.

आता ऊन. दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १,००० वॅट ऊन पडतं. १६ बाय साडेसात सेंटिमीटरचा फोन त्यातले १२ वॅट अंगावर घेतो आणि काळी काच त्यातला बराचसा भाग शोषते. नकाशा, पूर्ण उजेड आणि चार्जिंग मिळून फोन स्वतः निर्माण करतो ती उष्णता याच्या निम्मीही नसते. चालत्या गाडीवर वारा ती वाहून नेतो, टोलनाक्यावर किंवा रेल्वे फाटकापाशी थांबलात की पाच-दहा मिनिटांत फोन तापतो. मग तो स्वतःला वाचवण्यासाठी आधी पडद्याचा उजेड कमी करतो, नंतर चार्जिंग बंद करतो. म्हणजे ऊन सगळ्यात कडक, तेव्हाच पडदा सगळ्यात मंद. बऱ्याच फोनची हवेच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस लिहिलेली असते, खास यंत्रांची ५५ च्या आसपास. विदर्भात मे महिन्यात फिरणाऱ्याने हा एक आकडा पाहून निर्णय घेतला तरी चालेल. फोनच वापरायचा असेल तर मागचं कव्हर काढा, प्लास्टिकची पारदर्शक पिशवी टाळा आणि वायरलेस चार्जिंगचा होल्डर घेऊ नका, कारण त्यात वाया गेलेली वीज फोनच्या पाठीलाच तापवते. उन्हात वाचता येण्यासाठी पडद्याचा उजेड १,००० निट्सच्या (निट हे उजेडाचं माप) आसपास असावा. काही यंत्रांचा पडदा उन्हालाच परावर्तित करून उजळतो, त्याला हे गणित लागू नाही.

पावसात टचस्क्रीनला थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही, त्यामुळे नकाशा आपोआप सरकतो, मोठा होतो, कधी प्रवासच रद्द होतो. खास यंत्रांचा पडदा हातमोजे आणि पाणी लक्षात घेऊन बसवलेला असतो. पाण्याविषयीचे आकडे मात्र नीट वाचावेत. आयपीएक्स-७ म्हणजे एक मीटर खोल स्थिर पाण्यात ३० मिनिटं. आयपीएक्स-६ म्हणजे मिनिटाला १०० लिटरचा जोरदार फवारा. एका चाचणीत पास झालेलं यंत्र दुसरीत पास होतंच असं नाही. ताशी ८० च्या वेगात अंगावर येणारा पाऊस डुंबण्यापेक्षा फवाऱ्याशी जास्त जुळतो, आणि सर्व्हिसिंगला गाडी धुताना प्रेशर गनचा मारा तर फवाराच. गाडी धुवायला देताना यंत्र काढून ठेवा.

फोन पाण्यात टिकला तरी चार्जिंगचं तोंड टिकत नाही. ओल्या पिनांमधून वीज वाहत राहिली की धातू विरघळतो, पिना हिरव्या पडतात आणि कोकणातल्या एका पावसाळ्यात फोन चार्ज होईनासा होतो. म्हणून पावसात फोनला वायर लावू नये. खास यंत्रात वीज होल्डरच्या स्प्रिंगवाल्या पिनांमधून जाते, यंत्रात काही खुपसावं लागत नाही. या एका सोयीची किंमत पहिल्या जुलैतच वसूल होते. वायर कुठलीही असो, कनेक्टरच्या आधी तिला खाली झोळ ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही.

थरथरीचा विषय लोक हलक्यात घेतात. फोनच्या कॅमेऱ्यात चित्र स्थिर ठेवण्यासाठी भिंग सूक्ष्म स्प्रिंगांवर आणि चुंबकांवर तरंगतं ठेवलेलं असतं. मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांनी ते बिघडू शकतं, हे २०२१ मध्ये अ‍ॅपलने स्वतः जाहीर केलं आणि कंपनं शोषणारा होल्डर वापरायचा सल्ला दिला. एक सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर असताना हँडल सेकंदाला ६७ वेळा थरथरतं. रबरी किंवा सिलिकॉनचा डँपर ही थरथर अडवतो, पण सगळ्या वेगांना नाही. समजा, फोनचं वजन पेलणाऱ्या त्या रबराची स्वतःची नैसर्गिक कंपनसंख्या सेकंदाला २५ आहे. तर अडवणूक सुरू होते त्याच्या १.४ पटीपासून, म्हणजे ३५ कंपनांच्या पुढे, इंजिनाच्या २,१०० फेऱ्यांनंतर. ४,००० फेऱ्यांवर थरथरीचा जेमतेम सहावा हिस्सा फोनपर्यंत पोचतो. पण १,००० फेऱ्यांच्या आयडलिंगला तीच थरथर पावणेदोन-दोनपट होते आणि १,५०० च्या आसपास सर्वात वाईट. सिग्नलला उभं असताना फोन डोलताना दिसला म्हणून डँपर काढून टाकणारे पुष्कळ असतात. त्यांनी काढू नये. लांबच्या रस्त्यावरच्या वेगात, जिथे कॅमेऱ्याचं नुकसान होतं, तिथे तो आपलं काम करत असतो. होल्डरचा दांडा मात्र शक्य तितका आखूड ठेवा, लांब दांड्याच्या टोकाला थरथर वाढते.

हँडलची जाडी मोजूनच क्लँप आणा. साधी हँडलं २२ मिलिमीटरची असतात, अ‍ॅडव्हेंचर गाड्यांची जाड हँडलं मधे २८.६ ची. यंत्राच्या पाठीला ३० बाय ३८ मिलिमीटरवर चार भोकं असली तर बाजारातले बरेचसे होल्डर बसतात. बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा: वायर ताणली जाते का, किल्लीला अडथळा येतो का, स्पीडोमीटर झाकतोय का. यंत्र स्पीडोमीटरच्या वर, नजरेच्या रेषेजवळ असावं. ताशी ६० ला दोन सेकंद खाली बघितलं तर गाडी ३३ मीटर आंधळी जाते. हेल्मेटमधला ब्लूटूथ स्पीकर घेतला तर पडद्याचे निम्मे प्रश्न मिटतात. बजेट तुटपुंजं असेल तर आधी तोच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वीज कुठून घ्यायची? पाच व्होल्ट, दोन अँपिअर देणारा यूएसबी चार्जर १० वॅट देतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीकडून साधारण एक अँपिअर घेतो. गाडी चालू असताना हा भार किरकोळ. घोटाळा होतो तो गाडी बंद असताना. चार्जर थेट बॅटरीला जोडला तर काहीही लावलेलं नसताना तो थोडा करंट पीत राहतो. तो १० मिलिअँपिअर धरला तरी दिवसाला ०.२४ अँपिअर-तास. ३५० सीसीच्या गाडीतली ८ अँपिअर-तासांची बॅटरी महिन्याभरात जवळपास रिकामी, छोट्या गाडीतली ४ ची पंधरवड्यात. म्हणून चार्जर किल्लीवर चालला पाहिजे. त्यासाठी चार पिनांचा साधा रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, पुरतो. ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीच्या प्लसची वायर, ८७ वरून चार्जरला, ८६ ला किल्ली चालू केल्यावर वीज येणारी एखादी वायर आणि ८५ अर्थला. प्लसच्या वायरवर बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. फ्यूज चार्जरपाशी लावला आणि वायर टाकीखाली घासून शॉर्ट झाली, तर तो फ्यूज काहीच वाचवत नाही. जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या भागाच्या, एसीवर चालतो, त्या वायरवरून चार्जरची वीज घेऊ नये.

स्वस्त चार्जरचा आणखी एक छुपा दोष असतो. उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोचतो तेव्हा इतका क्षीण असतो की जवळच्या सर्किटचा रेडिओ गोंगाट त्याला सहज झाकतो. चार्जर लावला की जागा भरकटत असेल, तर उपग्रहांची संख्या दाखवणाऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये चार्जर काढून आणि लावून आकडे बघा. फरक पडला तर दोषी सापडला.

नकाशांबाबत पहिली कसोटी: यंत्राला ‘दुचाकी’ कळते का? मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू, मुंबईतला जेजे उड्डाणपूल, इथे दुचाकीला बंदी आहे. मोटारीचा विचार करणारं यंत्र तुम्हाला बिनदिक्कत त्यांच्या तोंडाशी नेऊन सोडतं. गूगल मॅप्समध्ये दुचाकीचा पर्याय २०१७ पासून आहे, परदेशी बनावटीच्या यंत्रात मात्र ‘द्रुतगती मार्ग टाळा’ हे निवडावं लागतं आणि मग चांगले हायवेही टाळले जाण्याची शक्यता असते.

दुसरी कसोटी, नेटवर्क नसताना काय होतं? लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही. नकाशे आधी उतरवून ठेवले असतील तर फोनही चालतो, कारण जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फक्त सुरुवातीला जागा सापडायला उशीर होतो. एरवी उपग्रहांच्या कक्षांची माहिती फोनला नेटवरून झटकन मिळते, नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच सेकंदाला ५० बिट्स या गतीने घ्यावी लागते आणि त्याला अर्धं मिनिट किंवा अधिक लागतं. गाडी मोकळ्या जागी उभी करून ते होऊ द्यावं.

घरी संगणकावर मार्ग आखून जीपीएक्स फाइल यंत्रात टाकणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे ‘आखला एक रस्ता, नेलं दुसऱ्याने’. अशा फाइलमध्ये ‘रूट’ असेल तर त्यात मोजकेच थांबे असतात आणि मधला रस्ता यंत्र आपल्या नकाशावरून नव्याने काढतं. ‘ट्रॅक’ म्हणजे शेकडो ठिपक्यांची माळ, ती बदलत नाही, पण अनेक यंत्रं तिच्यावर वळणाच्या सूचना देत नाहीत. रूटच वापरायचा तर प्रत्येक महत्त्वाच्या फाट्यानंतर शे-दोनशे मीटरवर एक बिंदू टाका. नेमका फाट्यावर टाकलात आणि तो बाजूच्या गल्लीवर पडला, तर यंत्र त्या गल्लीत जाऊन यू टर्न घ्यायला लावेल.

पर्यायांपैकी रॉयल एनफिल्डच्या ‘ट्रिपर’सारखा छोटा गोल पडदा फक्त बाण दाखवतो. उपग्रह शोधायचं काम फोनचंच, त्यामुळे फोनची बॅटरी जाते, पण फोन ऊन-पावसातून वाचतो. बाजारात आलेले पाच-सात इंचांचे पडदेही बहुधा फोनचंच चित्र दाखवतात, तेव्हा फोन जाकिटाच्या आतल्या खिशात कोंबू नका, अंगाने आकाश झाकलं जातं. वर्षातून दोन-चार लांबच्या सहली असतील तर कपाटात पडलेला जुना अँड्रॉइड फोन, उतरवलेले नकाशे आणि डँपरवाला होल्डर एवढं पुरे. पावसाळ्यात रोज लांब जाणाऱ्याने किंवा महिनाभर भटकणाऱ्याने खास यंत्र घ्यावं.

कायदा सांगतो की वाहन चालवताना हातातल्या उपकरणाचा वापर फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि एकाग्रता भंगणार नाही अशाच रीतीने करता येतो. परदेशातून यंत्र आणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. काही मॉडेलांत उपग्रहामार्फत संदेश पाठवायची सोय असते. भारतात ती दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय बाळगता येत नाही आणि विमानतळावर असं यंत्र सापडल्याने प्रवाशांना अटकही झालेली आहे. खोक्यावरचं मॉडेलचं पूर्ण नाव वाचूनच पैसे द्या.