एका संध्याकाळी चार बॅले: पार्श्वभूमी

वसंतराव देशपांडे सभागृहात एका बैठकीत तीन-चार एकांकिका पाहणाऱ्या नागपूरकराला छोट्या बॅलेंचा मिश्र कार्यक्रम बुचकळ्यात पाडणार नाही. पण ही पद्धत आज आहे तशी रुजली, त्यात पैशाच्या चणचणीचा हात मोठा होता.

एकोणिसाव्या शतकातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये बॅले म्हणजे अख्ख्या संध्याकाळचा ऐवज. नृत्यरचनाकार मारिउस पेतिपाचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ (१८९०) घ्या: आधी नांदी, मग तीन अंक. शेवटच्या अंकात तर गोष्ट संपलेलीच असते, नुसतं लग्नाचं वऱ्हाड नाचतं.

१९०९ साली रशियन कलासंयोजक सर्गेई द्यागिलेव्ह आपल्या देशातले ऑपेरा (गाण्यांतून सादर होणारी नाटकं) आणि बॅले घेऊन पॅरिसला निघाला होता. फेब्रुवारीत त्याचे आश्रयदाते ग्रँड ड्यूक व्लादिमीर वारले आणि राजदरबारची मदत आटली. मोठे ऑपेरे परवडेनात. मग एकच ऑपेरा पूर्ण ठेवला, इतरांचे सुटे अंक घेतले आणि छोट्या बॅलेंचं पारडं जड झालं. १९ मे रोजी शातले थिएटरात ‘प्रिन्स इगोर’ या ऑपेरातली नृत्यं पाहून पॅरिस वेडं झालं.

अर्थात सगळं श्रेय तंगीला दिलं तर द्यागिलेव्हचा नृत्यरचनाकार मिखाईल फोकिनवर अन्याय होईल. पोटात कथेचं पाणी घालून बॅले फुगवणं त्याला पटतच नव्हतं. त्याच्या ‘ले सिल्फीद’मध्ये गोष्टच नाही, शोपँचं संगीत, लांब पांढरे झगे आणि त्या घोळक्यात एकटा पुरुष. ‘स्पेक्टर द ला रोझ’ (१९११) जेमतेम दहा मिनिटांचा. नाचून घरी आलेली मुलगी खुर्चीत पेंगते, हातातला गुलाब गळून पडतो आणि त्याच गुलाबाचा आत्मा खिडकीतून आत येतो. शेवटी तो आत्मा झालेला नर्तक निजिन्स्की खिडकीबाहेर झेपावायचा. ती उडी इतकी गाजली की आधीच्या नाचाबद्दल फारसं कुणी बोलतच नाही!

त्या पहिल्याच मोसमात नाचलेली रशियन नर्तकी आना पाव्हलोव्हा पुढे स्वतःची मंडळी घेऊन छोट्या नृत्यांचे कार्यक्रम करत जगभर हिंडली. १९२३ साली लंडनमध्ये तिच्या राधेसमोर कृष्ण झाले ते उदयशंकर. पुढे त्यांच्या अल्मोड्याच्या केंद्रात घडलेल्या शांती बर्धन यांनी १९५२च्या सुमारास मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ उभं केलं. त्यांच्या ‘रामायणा’त नर्तक कठपुतळ्यांसारखे हातपाय झटकत चालतात. पुढे हे मंडळ ग्वाल्हेरला आणि मग भोपाळला गेलं. त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या आजोबांना बॅले म्हटल्यावर ‘स्वान लेक’मधले हंस न आठवता राम-लक्ष्मण आठवले, तर त्यांचं काही चुकत नाही.